टाइमपास कसा करायचा: 'वेटिंग फॉर गोदो' पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

नाटकाच्या ग्रुपमध्ये असाल किंवा साहित्याचे विद्यार्थी असाल तर सॅम्युअल बेकेटचं हे नाटक कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडणारच, आणि पहिली वीस पानं वाचून झाली की बहुतेक सगळे एकच बोलतात, अरे यात काही घडतच नाही. व्लादिमिर आणि एस्ट्रागॉन ही दोन माणसं संध्याकाळी एका रस्त्यावर झाडापाशी कुणा गोदोची वाट बघतायत, तो येत नाही, मध्ये पोझो नावाचा मालक गळ्यात दोर बांधलेल्या लकी या नोकराला घेऊन येऊन जातो, दुसऱ्या अंकात परत तेच. कबूल. पण ती दोघं हातावर हात ठेवून बसलेली नाहीयेत, दोन्ही अंक त्यांचा काही ना काही उद्योग चालू असतो, आणि तो उद्योग नीट बघायला लागलं की नाटक उघडतं.

मी हे नाटक ग्रुपमध्ये वाचलंय, तालमीत उभं राहून केलंय आणि विंगेत बसून प्रॉम्प्टिंगही केलंय, त्यावरून एक गोष्ट पक्की कळली ती म्हणजे 'वाट बघणं' नटाला करून दाखवता येत नाही, टाइमपास करून दाखवता येतो. तर खालचा सगळा लेख टाइमपासचा आहे. नट, दिग्दर्शक, नुसता वाचणारा, कोणीही असाल तरी क्रम हाच ठेवा.

आधी काय काय जमवायचं

संहिता इंग्रजी हवीच, मराठीत करणार असलात तरी. बेकेटने नाटक १९४८-४९ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं आणि इंग्रजी त्याने स्वतःच केलं, त्यामुळे कंसातल्या सूचना म्हणजे कोण कुठे थांबतो, कोण कुठे बघतो, हे त्याच्याच हातचं आहे. भाषांतर वापरत असाल तर कंस शेजारी ठेवून तपासा.

सामान: एस्ट्रागॉनसाठी दोन बूटजोड (एक पायाला चावणारा, एक सैल), चौघांना चार बोलर हॅट (गोल, कडक टोपी), गाजर, सलगम, मुळा, लकीच्या गळ्यात बांधायला लांब दोर, एस्ट्रागॉनच्या पँटला पट्ट्याऐवजी दोरी, पोझोसाठी चाबूक, घडीचं स्टूल, पाइप, घशात मारायचा स्प्रे आणि खिशातलं घड्याळ, लकीसाठी बॅग, टोपली आणि मालकाचा कोट. शिवाय एक झाड. पॅरिसमध्ये दिग्दर्शक रॉजर ब्लाँने जे पहिल्यांदा हे करायला घेतलं त्यात एक साधं कारण खर्चाचंही होतं, बेकेटचं दुसरं नाटक मोठ्या संचाचं होतं आणि यात पाच पात्रं (पाचवा निरोप आणणारा मुलगा) नि एक झाड. हौशी ग्रुपला हे लगेच पटेल.

कागदपत्रं: आपापसात वाचायला काही लागत नाही. तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर मात्र हक्कदारांची लेखी परवानगी, भाषांतरकाराची वेगळी परवानगी, आणि महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे सेन्सॉर सर्टिफिकेट म्हणतो. 'जुनं नाटक आहे, कोण विचारतंय' या भ्रमात राहू नका, बेकेट १९८९ मध्ये गेला आणि आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, म्हणजे २०४९ संपेपर्यंत. आणि परवानगी मागतानाच भूमिका कोण करणार ते स्पष्ट लिहा, कारण पात्रं बायकांनी करायला बेकेटचा विरोध होता, १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका संस्थेला त्याने यावरून कोर्टात खेचलं होतं. केस तो हरला, पण प्रकरण किती टोकाला जातं ते लक्षात घ्या.

१. 'गोदो म्हणजे कोण' हा विषय पहिल्या आठवड्यात काढायचाच नाही

हा सगळ्यात मोठा सापळा. वाचन संपलं की कोणीतरी म्हणतो गोदो म्हणजे देव, दुसरा म्हणतो मृत्यू, तिसरा म्हणतो अच्छे दिन, आणि दोन तास चहाबरोबर तेच. मजा येते, पण त्यातून उद्या तालमीत उभं राहून काय करायचं याचं उत्तर कणभरही निघत नाही. नटाला फक्त एवढं पुरे की हा माणूस येणार असं सांगितलंय, जागा हीच असावी, दिवस बहुतेक आजचाच असावा, आणि निघून गेलो तर चुकामूक होईल. बस.

ज्यांना खरंच थांबून राहायचं असतं त्यांना अर्थ कोणी समजावावा लागत नाही. १९ नोव्हेंबर १९५७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ग्रुपने सॅन क्वेंटिन तुरुंगात जवळपास १४०० कैद्यांसमोर हे नाटक केलं, मंडळी जाम टेन्शनमध्ये होती की ही पब्लिक ऐकणार का, आणि कैदी शेवटपर्यंत बसून राहिले. समीक्षक मार्टिन एसलिनने १९६१ मध्ये ज्या पुस्तकातून 'थिएटर ऑफ द अ‍ॅब्सर्ड' हे असल्या नाटकांचं नाव रूढ केलं त्याची सुरुवातच त्याने या प्रयोगापासून केलीय.

२. वहीत टाइमपासची यादी काढा

पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक नवीन उद्योग सुरू होतो तिथे रेघ मारा. विचार नको, अर्थ नको, फक्त काय करतायत ते एका ओळीत लिहायचं. पहिल्या अंकात साधारण असं निघेल: बूट काढायची झटापट. हॅटमध्ये डोकावणं, झटकणं, परत डोक्यावर. येशूबरोबरच्या दोन चोरांची गोष्ट, चार शुभवर्तमानांतलं एकच का म्हणतं की त्यातला एक वाचला. जागा हीच का, दिवस हाच का. डुलकी. पडलेलं स्वप्न सांगू का, नको सांगूस. अर्धवट सोडलेला अश्लील विनोद. भांडण, गळाभेट. फास लावून घ्यायचा का. गाजर.

दुसऱ्या अंकातली यादी जास्त इंटरेस्टिंग आहे कारण आता त्यांना कळलेलं असतं की वेळ घालवायचाय, ते उघड उघड एकमेकांना सुचवतात की चल आपण एकमेकांचं म्हणणं खोडूया, चल प्रश्न विचारूया, चल शिव्या देऊया, झाल्या शिव्या, आता समेट करूया. मग व्यायाम, मग एका पायावर तोल सांभाळत झाड व्हायचं. मध्येच 'पोझो-लकी' असाही खेळ होतो, कालच्या पाहुण्यांची नक्कल. शिव्यांच्या खेळात इंग्रजी संहितेत शेवटची आणि सगळ्यात जहाल शिवी 'क्रिटिक' म्हणजे समीक्षक ही आहे, ती ऐकून समोरचा कोलमडतो आणि पाठ फिरवतो. ग्रुपमध्ये परीक्षण लिहिणारा कोणी असेल तर त्या तालमीला त्याला आवर्जून बोलवा.

यादी दोघांनी वेगवेगळी काढा आणि मग जुळवून बघा. रेघा जिथे जुळत नाहीत तिथेच थांबून बोला, कारण खेळ नक्की कुठे संपला यावर मतभेद असतील तर स्टेजवर दोन नट दोन वेगवेगळ्या खेळांत असतील.

३. प्रत्येक खेळ कोणी सुरू केला आणि कोण आधी दमला ते लिहा

यादीसमोर दोन रकाने करा. बहुतेक वेळा सुरू करणारा, रेटणारा व्लादिमिर म्हणजे डीडी, आणि सोडून देणारा एस्ट्रागॉन म्हणजे गोगो. चोरांची गोष्ट सांगताना डीडी अक्षरशः विनवणी करतो की बाबा रे, अधूनमधून चेंडू परत टाकत जा. दुसऱ्या अंकात मात्र गोगोही खेळ सुचवायला लागतो आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण कालपर्यंत कंटाळणारा माणूसही आता शांततेला घाबरायला लागलाय.

प्रत्येक खेळाला साधारण चार टप्पे असतात: कोणीतरी टोक काढतं, दुसरा पकडतो, जरा रंगतं, आणि मग दम जातो. नवीन नट पहिले तीन छान करतात आणि चौथा गिळतात. दम जाणं दाखवायचं म्हणजे ओळ हळू म्हणायची असं नाही, ओळ त्याच वेगात जाते फक्त समोरून काही येत नाही.

आणि खेळ मनापासून खेळा. नटाच्या चेहऱ्यावर 'हे किती निरर्थक आहे बघा' असं आलं की संपलं. फास लावायची चर्चाच बघा: आधी कोण? गोगोचं लॉजिक असं की मी हलका, फांदी मोडणार नाही, मी मरेन. तू जड, फांदी मोडेल, तू एकटा उरशील. हे तो गणित सोडवावं तसं मांडतो, मध्ये शब्द सापडत नाहीत म्हणून वैतागतो. मरणाविषयी आहे म्हणून गंभीर आवाज लावलात तर ना हसू येईल ना काटा, कोरडेपणाने हिशोब केलात तर दोन्ही एकदम येतं.

४. वस्तूंची तालीम पाठांतराच्या आधी

आपल्याकडे प्रॉपर्टी रंगीत तालमीला हातात येते, इथे तसं चालणार नाही, कारण वस्तू हाच अर्धा टाइमपास आहे.

बूट खरंच तंग असू द्या. गोगो नाटक सुरू होताना दोन्ही हातांनी बूट ओढतोय, दमतोय, परत ओढतोय, यात सैल बूट घेऊन कष्टाचा अभिनय केला की पहिल्या रांगेला लगेच कळतं. निघाल्यावर तो आत बघतो, उलटा करून झटकतो, जमिनीवर काही पडलंय का बघतो, पुन्हा आत हात घालून चाचपतो. काही नसतं. डीडी हेच सगळं हॅटबरोबर करतो. दोघांनी एकमेकांची नक्कल करायची नाही, पण क्रम आणि गंभीरपणा सेम ठेवायचा, बाकी काम प्रेक्षक करतो.

दुसऱ्या अंकातली हॅटची अदलाबदल ही वेगळी तालीमच लावा. लकीची हॅट कालपासून तिथे पडलेली आहे, म्हणजे डोकी दोन आणि हॅट तीन. मी तुला, तू मला, डोक्यावरची काढून हातातली घाल, असं ते गरगरत जातं आणि शेवटी डीडीच्या डोक्यावर लकीची हॅट राहते. हे सगळं जुन्या म्युझिक हॉल आणि मूकपटांतल्या जोड्यांच्या धाटणीचं आहे, आणि त्याला टायमिंग त्यांच्याचसारखं लागतं. हॅटना आतून तीन रंगांचे धागे शिवा, नाहीतर चौथ्या फेरीला कोणाची कुठली हे कोणालाच सांगता येत नाही. आणि घाई नको, ही दोघं सफाई दाखवत नाहीयेत, त्यांना प्रत्येक हॅट खरंच बसते का बघायचीय.

भाज्या: गोगो गाजर मागतो, डीडी खिशातून सलगम देतो, मग शोधून गाजर देतो. दुसऱ्या दिवशी गाजर नसतंच, सलगमांतून शोधून काळा मुळा निघतो, गोगोला गुलाबीच आवडतात, तो परत करतो. सलगम थंडीत मंडईत मिळतो, नाहीच मिळाला तर नवलकोल चालतो. काळा मुळा आपल्याकडे सहज मिळत नाही, पांढरा रंगवला तरी चालतं कारण तो कोणी खात नाही. गाजर मात्र खायचंय आणि खाता खाता बोलायचंय, लाल गाजर जाड असतं, तोंडात राहतं, वाक्य चिरडतं, त्यामुळे कोवळं बघून घ्या आणि वाक्य कुठल्या घासानंतर हे ठरवून टाका.

५. शांततेला नंबर द्या

संहितेत छोटा पॉज वेगळा, शांतता वेगळी, लांब शांतता वेगळी. नवीन ग्रुप सगळ्यांना एकाच लांबीने करतो आणि मग नाटक रडगाणं होतं. पॉज म्हणजे विचार चालू आहे. शांतता म्हणजे खेळ संपलाय आणि दुसरा सापडत नाहीये. इथे नटांनी एकमेकांकडे बघत 'आता तुझी ओळ' असं थांबायचं नाही, डोळ्यांनी, हातांनी पुढचं काहीतरी शोधायचं.

बेकेटने १९७५ मध्ये बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये हे नाटक स्वतः बसवलं तेव्हा त्याने वाट बघण्याच्या जागा आधीच ठरवून ठेवल्या होत्या, तिथे सगळं पूर्ण थांबायचं, कोणी हलायचं नाही, आता शांतता सगळं गिळणार असं वाटायला लागलं की मगच पुढे. तुम्हीही अशा मोजक्याच जागा निवडा. सगळीकडे थांबलात तर एकही थांबा ऐकू येत नाही. त्याच प्रयोगात गोगो दगडापाशी आणि डीडी झाडापाशी असं त्याने वाटून दिलं होतं, एक खाली बसणारा, एक वर बघणारा. ब्लॉकिंग (कोणी कुठे उभं राहायचं, कुठे हलायचं) सुचत नसेल तर इथून सुरुवात करा, निम्मं काम होतं.

६. पोझो आणि लकी आले की सुटलो असं समजू नका

पोझोला वाटतं तो करमणूक करतोय. तो चिकन खातो, पाइप ओढतो, संध्याकाळच्या आकाशावर भाषण देतो, मग कसं झालं भाषण म्हणून विचारतो, लकीला नाचायला लावतो, विचार करायला लावतो. तिकडे गोगोचा डोळा त्याने टाकलेल्या कोंबडीच्या हाडांवर. म्हणजे इथे चौघं आहेत आणि चौघांचा वेळ चार प्रकारे चाललाय, नुसता पोझो बोलतोय म्हणून बाकीच्यांनी पुतळे होऊ नका.

एक बारीक गोष्ट बघा. या नाटकात घड्याळ एकट्या पोझोकडे आहे, तोच सारखं बघतो, त्यालाच कुठेतरी पोचायचंय. आणि बोलता बोलता त्याच्या वस्तू जायला लागतात, आधी पाइप सापडेना, मग स्प्रे, मग घड्याळ. तिघं वाकून त्याच्या पोटाला कान लावतात, टिकटिक ऐकू येते का, येतो तो हृदयाचा ठोका. दुसऱ्या दिवशी तो आंधळा होऊन येतो आणि काल-आज विचारलं की चिडतो. पोझो करणाऱ्या नटाने पहिल्या अंकातल्या या तीन वस्तू नीट हरवल्या नाहीत तर दुसऱ्या अंकातला पोझो उगाच रागावल्यासारखा दिसतो.

लकीचं ते विरामचिन्हं नसलेलं लांबलचक भाषण पाठ करणं हा वेगळाच विषय आहे. फक्त एवढंच सांगतो की त्या वेळी बाकी तिघांचं काय चाललंय याच्या सूचना बेकेटने लिहून ठेवल्यात: आधी डीडी-गोगोचं लक्ष देऊन ऐकणं आणि पोझोचा वैताग, मग चुळबुळ, मग आरडाओरडा, शेवटी झटापट आणि हॅट हिसकावणं. ती बसवली नाही तर लकीच्या नटाने कितीही जीव काढला तरी सीन उभा राहत नाही.

ते गेल्यावर डीडी म्हणतो की चला, यात जरा वेळ गेला, आणि गोगो म्हणतो तसाही गेलाच असता. डीडी म्हणतो हो, पण इतक्या भरभर नाही. ही ओळ हसण्यासाठी टाकू नका, साधी म्हणा.

७. दुसरा अंक कॉपी-पेस्ट नाही

समीक्षक व्हिव्हियन मर्सियरने १९५६ मध्ये लिहिलेलं फेमस आहे की यात काहीच घडत नाही, आणि तेही दोनदा. वाक्य चमकदार आहे, पण त्यामुळे लोक दुसरा अंक तालमीत शॉर्टकट मारून करतात. फरकांची यादी काढा: झाडाला चार-पाच पानं आलीत. बूट तिथेच आहेत पण गोगोच्या मते ते त्याचे नव्हेत. लकी मुका झालाय. डीडी एकटाच गाणं म्हणत येतो, कुत्र्याचं, जे फिरून स्वतःच्याच सुरुवातीला येतं. आणि डीडीला काल आठवतो, बाकी कोणालाच नीट आठवत नाही, म्हणजे आता टाइमपासची सगळी जबाबदारी एकट्या आठवणाऱ्यावर. हा अंक त्याच्यासाठी जड आहे, तो तसा जायला हवा.

१९९३ मध्ये बोस्नियातल्या युद्धात वेढ्यात सापडलेल्या सारायेव्होत अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅगने फक्त पहिला अंक केला होता, तिथे तेवढाच पुरला. तुमच्या-माझ्या प्रेक्षकाला दुसरा लागतो.

जाहिरातीचं पण इथेच सांगतो. नुसतं धमाल कॉमेडी म्हणून विकू नका. अमेरिकेत जानेवारी १९५६ मध्ये मायामीला हे नाटक पहिल्यांदा लागलं तेव्हा हसवणारं नाटक म्हणून गाजावाजा केला होता, विनोदी नट बर्ट लार होता, आणि मध्यंतराला लोक उठून गेले. उलट 'गहन तत्त्वचिंतन' असं पोस्टर केलंत तर जे येतील ते हसायला घाबरतील, ते त्याहून वाईट.

८. मग शेजारची नाटकं वाचा

सगळी नकोत, टाइमपास वेगळ्या पद्धतीने करणारी दोन-तीन. बेकेटच्याच 'हॅपी डेज'मध्ये (१९६१) विनी कमरेपर्यंत ढिगाऱ्यात पुरलेली आहे, नंतर गळ्यापर्यंत. तिच्याकडे बॅग आहे: टूथब्रश, आरसा, भिंग, पिस्तूल, म्युझिक बॉक्स, आणि शेजारी छत्री. उठायची घंटा आणि झोपायची घंटा यांच्यामध्ये तिला हे पुरवून वापरायचंय, ब्रशवरची बारीक अक्षरं वाचण्यात ती किती वेळ काढते बघा, आणि गाणं मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवते, लवकर म्हटलं तर पुढे काय करणार. गोदोतली दोघं उधळतात, ही महिनाअखेर आल्यासारखी खर्च करते.

हॅरल्ड पिंटरच्या 'द डम वेटर'मध्ये (लंडनमधला पहिला प्रयोग १९६०) तळघरात दोन भाडोत्री मारेकरी कामाच्या ऑर्डरची वाट बघतायत. एक पेपर वाचून बातम्या सांगतो, दुसऱ्याला चहा हवाय पण गॅसच्या मीटरमध्ये टाकायला नाणं नाही. मग भिंतीतल्या सामान वर-खाली नेणाऱ्या लिफ्टमधून जेवणाच्या ऑर्डरी यायला लागतात आणि हे खुनी लोक धावपळ करून स्वतःची बिस्किटं, चिप्स, दूध वर पाठवतात. इथे टाइमपासच्या खाली भीती आहे, म्हणून सेम पॉज वेगळा वाजतो. इओनेस्कोच्या 'द चेअर्स'मध्ये (१९५२) म्हातारा-म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या आणत राहतात, आणत राहतात, शेवटी हलायला जागा उरत नाही.

९. स्वतःची एकांकिका लिहीत असाल तर

पुण्या-मुंबईच्या आंतरकॉलेज स्पर्धा बघणाऱ्याला माहितीये, बाकावर दोन माणसं आणि कोणाची तरी वाट हा फॉर्म दरवर्षी कोणीतरी आणतंच. लिहा, काही हरकत नाही, पण चार गोष्टी बघा. एक, पात्रांच्या खिशात काय आहे ते आधी ठरवा, कारण वेळ घालवायला माणूस आधी खिसाच चाचपतो. दोन, संवादातून 'आयुष्य', 'अर्थ', 'शून्य', 'अस्तित्व' हे शब्द काढून टाका आणि मग किती उरतंय बघा. पानभरच उरलं तर अजून नाटक झालेलं नाही. तीन, जाता येत नाही याचं कारण एका ओळीत सांगता आलं पाहिजे आणि ते पुन्हा पुन्हा आलं तरी त्रास झाला नाही पाहिजे, गोदोत ते तसंच येतं, चल जाऊया, नाही जाता येणार, का, गोदोची वाट बघतोय ना.

चार, शेवट. सगळ्यांना वाटतं शेवटी येणारा आला पाहिजे किंवा तो कधी नव्हताच असा धक्का दिला पाहिजे. गोदोत शेवटी फाशीसाठी दोर नाही म्हणून गोगो कमरेची दोरी सोडतो, पँट घसरून घोट्यापाशी पडते, दोरी ओढून बघतात तर तुटते, आणि त्यानंतर दोघं पँट वर घेण्याबद्दल बोलतात. पहिल्या पॅरिस प्रयोगात नटाला पँट पूर्ण खाली जाऊ द्यायला नको वाटत होतं आणि बेकेटचं म्हणणं होतं की ती पूर्णच पडली पाहिजे. तेव्हा तालमीत पँट दोन नंबर मोठी घ्या, आत काळी हाफ पँट घाला, आणि दोरी तुटणाऱ्या जागी आधीच कापून बारीक दोऱ्याने टाचून ठेवा, दर प्रयोगाला नवीन.